जुने स्पीकर कुठले घ्यावेत : आधी खोली आणि गाणे, मग अँप्लिफायर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या संग्रहातल्या एलपी तुमच्याकडे आल्या आहेत. बहुतेक ख्याल, नाट्यपदे आणि भावगीते. सोबत त्यांचा १९८० च्या सुमाराचा, देशी बनावटीचा ३०-३० वॅटचा अँप्लिफायर आहे आणि सिरॅमिक कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) रेकॉर्ड प्लेअर. स्पीकरच्या पेट्या वाळवीने खाल्ल्या. इंदुरात, सुदामानगरातल्या १२ बाय १४ फुटांच्या खोलीत हे सगळे पुन्हा वाजते करायचे आहे. सध्या तीन जुन्या जोड्या तुम्हाला मिळू शकतात : सेलेशनचे डिटन १५, एआर कंपनीचे एआर-३ए, आणि १२ इंची वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) व पाच-पाच ड्रायव्हर (पेटीतले आवाज काढणारे घटक) असलेले मोठे जपानी स्पीकर. यातली कुठली जोडी घ्यावी, आणि अँप्लिफायर बदलावा का?

डिटन १५ घ्या, पण पुढे सांगतो त्या तपासण्यांत ते टिकले तरच. अँप्लिफायर विकू नका, दुरुस्त करून घ्या. बदलायचेच असेल तर रेकॉर्ड प्लेअर बदला, आणि तेही सगळ्यात आधी.

आता कारणे. जुन्या सामानात लोक नाव पाहून सुरुवात करतात. मी उलट सांगतो : तुम्ही ऐकणार काय आणि कुठल्या खोलीत, तिथून सुरुवात करा. पुरुष गायक काळी एकला गात असेल तर त्याचा मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. गायिका काळी चार-पाचला गातात. त्यांचा सा साधारण २०८ ते २३३ हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. ख्यालाच्या रेकॉर्डवर खर्जाच्या त्या तारेखाली संगीत म्हणून फारसे काही नसते. तिथे असते ती मोटरची घरघर आणि तबकडीच्या वाकडेपणामुळे कोनाला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूला) बसणारे हेलकावे. ज्या स्पीकरचा आवाज ६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरतो, तो तुमच्या संग्रहाला पुरून उरतो. त्याच्याही खाली जाण्यासाठी मोठा वूफर आणि मोठी पेटी घेतली, तर आपण न ऐकायच्या गोष्टींसाठी पैसे देतो.

गाण्याचा जीव साधारण २०० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो. शब्द, आकारातले वळण, हार्मोनियमची पट्टी उघडताना येणारी हवेची चाहूल, बायाँवरची मींड, सगळे तिथेच. स्पीकर निवडायचा तो या पट्ट्यासाठी. इंदूरकराला हे वेगळे सांगायला नको. अमीर खाँसाहेब या गावचे, आणि त्यांचा संथ, मंद्रात उतरणारा विलंबित ख्याल ज्या स्पीकरवर घोगरा किंवा नाकातून आल्यासारखा वाटतो, त्या स्पीकरचा बास कितीही दणदणीत असो, तो आपल्या कामाचा नाही.

तुमच्या खोलीचा हिशेब करू. १४ फूट म्हणजे सुमारे ४.२७ मीटर. या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमत राहतो. १२ फुटांच्या भिंतींमध्ये तोच प्रकार ४७ हर्ट्झला होतो. फरशी व्हिट्रिफाइड टाइलची आणि भिंती सिमेंटच्या असतील तर हा घुमार शोषणारे काही नाही. अशा खोलीत ४० हर्ट्झ जोमाने वाजवणारा स्पीकर ठेवला की बायाँचा प्रत्येक ठोका फुगतो आणि गायकाचा खालचा स्वर त्यात बुडतो.

एआर-३ए वर मी काट मारतो ती मुख्यतः इथे. स्पीकर म्हणून तो थोर आहे, यात शंका नाही. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ आणून बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करण्याची कल्पना बाजारात आणली आणि छोट्या पेटीतून खोल बास काढून दाखवला. एआर-३ए ही त्याच घराण्यातली, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली जोडी. पण तिचा खोल बास तुमच्या खोलीच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणार. शिवाय ती ४ ओहमची आहे. तुमच्या अँप्लिफायरच्या काळातल्या देशी यंत्रांत बहुधा २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर, आटोपशीर ट्रान्सफॉर्मर आणि लहान हीटसिंक असत. ती ८ ओहमवर निवांत चालत. ४ ओहमवर त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट जातो. मे महिन्यात इंदुरात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते, तेव्हा हीटसिंकला उष्णता टाकायला जागा उरत नाही. यात भर म्हणजे एआर-३ए च्या मागचे दोन आवाज-नियंत्रक गंजतात आणि मधला किंवा वरचा ड्रायव्हर मुका होतो. विकणारा म्हणतो ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा ड्रायव्हर, गेला आहे. कित्येकदा तो शाबूत असतो, गंज तेवढा साफ करायचा असतो. पुढेमागे तुमच्याकडे ४ ओहमला न घाबरणारा अँप्लिफायर आणि मोठी खोली आली, तर या जोडीचा जरूर विचार करा.

मोठ्या जपानी जोडीबद्दल फार बोलत नाही. पाच ड्रायव्हर म्हणजे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो त्या सांध्यांच्या जागाही जास्त, आणि जुन्या स्वस्त रचनांत हे सांधे नेमके गळ्याच्या पट्ट्यात पडतात. पेटी उघडून क्रॉसओव्हर, म्हणजे ड्रायव्हरांमध्ये स्वर वाटून देणारे सर्किट, पाहा. ट्वीटरच्या आधी एखादा कपॅसिटर आणि वूफरला थेट तार, एवढेच दिसले तर सोडून द्या. त्याच जपानने १९७४ मध्ये यामाहा एनएस-१००० एम सारखा स्पीकर दिला, त्यामुळे देशावर फुली मारू नका. रचना पाहा.

डिटन १५ मध्ये ८ इंची वूफर आहे, त्याच्या जोडीला एक निष्क्रिय कोन आहे, ज्याला तार जोडलेलीच नसते, आणि वर एचएफ१३०० हा ट्वीटर. वूफर आत-बाहेर होताना पेटीतल्या हवेचा दाब त्या निष्क्रिय कोनाला हलवतो आणि बासला आधार मिळतो. एचएफ१३०० हाच ट्वीटर बीबीसीच्या परंपरेतल्या स्पेंडर बीसी१ मध्येही होता. आवाज मऊ, गळ्याला न्याय देणारा, टोकाला थोडा लाजरा. आपल्याकडच्या खरखरत्या जुन्या रेकॉर्डवर हा लाजरेपणा उपकारक ठरतो.

वॅट पुरतील का, ही तुमची शंका रास्त आहे. डिटन १५ फार कार्यक्षम स्पीकर नाही. १ वॅट देऊन १ मीटरवर साधारण ८५ डेसिबल धरा. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. म्हणजे ३० वॅटवर सुमारे १०० डेसिबल. तुम्ही ८ फुटांवर बसणार, तिथे ५-६ डेसिबल कमी होतील, दोन स्पीकर मिळून थोडे परत येतील. तिहाईच्या समेवरसुद्धा एवढे खूप झाले. एरवी घरातल्या ऐकण्यात सरासरी १-२ वॅटच खर्च होतात. वॅटचा आकडा पाहताना तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा, आहे ना एवढे पाहा. १९९० च्या दशकातल्या खोक्यांवर जे पीएमपीओचे (फुगवलेल्या, क्षणिक शक्तीचे) हजारो वॅट लिहिलेले असायचे, त्यांना हिशेबात घेऊ नका. आणि कमी वॅटचा अँप्लिफायर सुरक्षित असतो हा समजही सोडा : शेवटापर्यंत पिळलेल्या छोट्या अँप्लिफायरच्या लहरींची टोके छाटली जातात, आणि त्या छाटलेल्या लहरींतली वरची ऊर्जा ट्वीटर जाळते.

आता तपासणी. जोडी पाहायला जाताना एक मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, बॅटरी आणि तुमच्या ओळखीच्या आवाजाची एक रेकॉर्ड एवढे न्या.

सगळ्यात आधी कोनाभोवतीची वळी, म्हणजे सराउंड. ती फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. फोम पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होतो. माळव्याचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा त्याला अजिबात मानवत नाही. पावडर बोटाला लागली तर ती जोडी वाजवून दाखवायलाही सांगू नका. तुटक्या फोमवर कोन वाकडा हलतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीत घासते. रबर आणि कापडी सराउंड जास्त टिकतात. फोम नवीन बसवता येतो आणि तो खर्च विकत घेण्याच्या भावात धरायला हवा. मात्र कोनच बदललेला असेल तर सावध राहा. आपल्याकडे लाउडस्पीकरच्या दुरुस्तीत जाड, ताठ कोन आणि नवी कॉइल बसवून देतात. लग्नाच्या मांडवात तो स्पीकर उत्तम वाजतो, पण घरच्या पेटीचे गणित त्याच्या मऊ सराउंडवर बेतलेले असते, ते मोडते. दोन्ही वूफर शेजारी ठेवून कोनाचा रंग, मधली टोपी आणि मागचे डिंकाचे ठसे जुळतात का, पाहा. एक मूळ आणि एक कोन बदललेला, अशी जोडी घेऊ नका.

मग चार बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा, अगदी हळू आत दाबा. कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. डिटन १५ मध्ये याच वेळी निष्क्रिय कोन बाहेर आला पाहिजे आणि क्षणभर तिथे थांबला पाहिजे. लगेच जागेवर गेला तर पेटी कुठेतरी फुटली आहे किंवा टर्मिनलच्या पट्टीतून हवा गळते आहे. एआरसारख्या बंद पेटीत वूफर सोडल्यावर तो सावकाश परत यायला हवा, हीच खूण.

मल्टिमीटरने टर्मिनलवरचा ओहम मोजा. ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण साडेपाच ते सात आकडा दिसतो, ४ ओहमच्यावर तीन-साडेतीन. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. मात्र या मोजणीत वूफरच कळतो. ट्वीटरच्या आधी कपॅसिटर असल्यामुळे तो मीटरला दिसत नाही, त्याला कानच लावावा लागतो. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टर्मिनलला आणि ऋण टोक ऋण टर्मिनलला क्षणभर लावा : कोन बाहेर आला पाहिजे, दोन्ही स्पीकरचा. एक बाहेर आणि एक आत गेला तर कोणीतरी आतल्या तारा उलट्या जोडल्या आहेत. (जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये मुळातच उलटा रिवाज होता, तिथे दोन्ही आत गेले तर चूक नाही.)

क्रॉसओव्हरमधल्या जुन्या नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मूल्य चाळीस-पन्नास वर्षांत सरकते. ते बदलायचेच, असे समजून चला. तिथे साधा पोलर कपॅसिटर कोणी लावला असेल तर तो आधी काढा. फिल्म कपॅसिटर लावलेत तर त्यांचा अंतर्गत रोध फार कमी असल्यामुळे ट्वीटर मूळपेक्षा किंचित चढा वाजतो. अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की मूळ तोल परत येतो. महाराणी रोडवर हे सुटे भाग मिळतात. काम करणाऱ्याला एवढेच बजावा की दोन्ही पेट्यांत अगदी एकसारखे मूल्य हवे, आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत हवेत. एचएफ१३०० चे उत्पादन केव्हाच थांबले आहे, म्हणून ट्वीटर गेलेली जोडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

शेवटची कसोटी कानाची. पुरुषी आवाजाचा विलंबित ख्याल लावा, आवाज घरात बोलतो तेवढाच ठेवा. तंबोऱ्याकडे लक्ष द्या. जव्हारीतून निघणारे वरचे स्वर गायकाच्या मागे सलग, वेगळे उमटत राहिले तर ट्वीटर आणि सांधा दोन्ही ठीक आहेत. रेकॉर्डच्या खरखरीत ते मिसळून गेले, किंवा गायकाने स वा श उच्चारताच एकदम टोचले, तर तिथे काहीतरी बिघडलेले आहे. मग अँप्लिफायरवर मोनोचे बटण दाबा. गायक दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर पेट्यांची जागा आपसात बदलून पाहा. दोष पेटीबरोबर फिरतो की जागेवर राहतो, त्यावरून तो स्पीकरचा की अँप्लिफायरचा, हे कळते.

अँप्लिफायरबद्दल. तो वर्षानुवर्षे बंद असेल तर थेट २३० व्होल्टला लावू नका. कारागिराकडून आधी सिरीज बल्ब लावून चालू करून घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मोठे फिल्टर कपॅसिटर आणि कपलिंगचे छोटे कपॅसिटर बदलून घ्या, व्हॉल्यूम-टोनची पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन घ्या, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायला सांगा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर नक्कल केलेला माल बाजारात आहे हे लक्षात ठेवा, खात्रीच्या दुकानातून घ्या. हे सगळे झाल्यावर हा अँप्लिफायर डिटन १५ ला पुरेसा आहे. पुढे कधी बदललात तर १९७८ चा एनएडी ३०२० कागदावर २० वॅटचा असूनही अवघड स्पीकरला धरून ठेवतो, आणि १९६७ च्या क्वाड ३०३ मध्ये आउटपुटला कपॅसिटर असल्यामुळे बिघाड झाला तरी डीसी सहसा स्पीकरपर्यंत पोचत नाही. जपानमधून आलेले देखणे रिसीव्हर दिसले तर मागची पट्टी आधी वाचा. तिथल्या घरगुती बाजाराची यंत्रे १०० व्होल्टची असतात. योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावली तर तिथेच संपतात. दोन जोड्या ए आणि बी अशा एकत्र लावण्याचा मोहही टाळा, ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर मिळून ४ होतात.

आणि तो रेकॉर्ड प्लेअर. सिरॅमिक कार्ट्रिजची सुई चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाने चालते आणि उभ्या दिशेला ताठ असते. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचांना ते मारक आहे. मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅमवर काम करते. तुमच्या वडिलांच्या रेकॉर्ड दुसऱ्यांदा मिळणार नाहीत, म्हणून पैसे कमी पडत असतील तर स्पीकर दोन महिने पुढे ढकला आणि टर्नटेबल आधी घ्या. जोडणीही वेगळी : मॅग्नेटिक कार्ट्रिज काही मिलिव्होल्टच देते, ते अँप्लिफायरच्या मॅग्नेटिक फोनोच्या जागीच लावायचे. ऑक्सला (इतर यंत्रांसाठीच्या साध्या जोडणीला) लावले तर आवाज पातळ आणि क्षीण येतो. उलट, सिरॅमिक कार्ट्रिज मॅग्नेटिक फोनोच्या जागी लावले तर आवाज फाटतो. अमेरिकेतून आलेला जुना टर्नटेबल घेताना मोटर ६० हर्ट्झची नाही ना, ते विचारा. सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहा भागांतले पाचच भाग वेगाने फिरते. ३३⅓ चे २८ च्या आत येतात आणि काळी एकचा गायक तीन पट्ट्या खाली जातो. पुली बदलल्याशिवाय ते सुधारत नाही.

मांडणी करताना पेट्या १२ फुटांच्या भिंतीकडे, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट आणि कोपऱ्यापासून शक्य तेवढ्या दूर ठेवा. जमीन, भिंत आणि कोपरा यांतला प्रत्येक पृष्ठभाग बास चढवतो. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा, म्हणून फूट-दीड फुटाचे भक्कम स्टँड करून घ्या. समोर जमिनीवर जाड सतरंजी आणि मागे पुस्तकांची मांडणी एवढ्यानेही टाइलची झणझण बरीच कमी होते. तारेवर पैसे घालवू नका, १.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पाच मीटरपर्यंत पुरते. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत, लाकडी माडीवर ऐकणाऱ्यांनी टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवावा, नाहीतर कोणी चालले की सुई उडते. तुमच्या सिमेंटच्या फरशीवर ती अडचण नाही.

संग्रहात ज्या एचएमव्हीच्या रेकॉर्डवर ईएएलपी किंवा ईसीएलपी लिहिले आहे त्या मोनो आहेत, ईएएसडी आणि ईसीएसडी या स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड ऐकताना मोनोचे बटण दाबून ठेवा, खरखर बरीच कमी होते. त्यांत ७८ च्या तबकड्या निघाल्या तर त्या एलपीच्या सुईवर लावू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते आणि त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. तुमच्या कार्ट्रिजला ती सुई मिळते का, हे टर्नटेबल घेतानाच विचारून ठेवा.